टेंभुर्णे सरांची तीन बोटं

टेंभुर्णे सरांवर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको, की माणूस एवढा चांगला होता, मग हा असं का लिहितो. चांगला होताच. वाईट माणसाशी एकदा कडकडून भांडलं की मोकळं होता येतं. चांगल्या माणसावरचा राग मात्र घरात ठेवलेल्या कुऱ्हाडीसारखा असतो. वापरता येत नाही आणि फेकवतही नाही.

सर आमच्या सौंदडचेच. वडील रेल्वेत गँगमन होते. पोरगा शिकला आणि गोंदियाच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागला. गोंदियात खोली घे म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण म्हातारी आई गाव सोडायला तयार नव्हती, म्हणून सर रोज पॅसेंजरने जाऊन-येऊन करत. अंगकाठी बारीक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि दुसरे मास्तर जिथे पेन लावतात त्या खिशात एक बोटाएवढा टॉर्च. पेन त्यांच्याकडे कधी नसे. सही करायची वेळ आली की दुसऱ्याचं मागत.

तो टॉर्च लोकांच्या तोंडात मारण्यासाठी होता.

आमच्याकडचा माणूस जेवल्याशिवाय एक दिवस काढील, खर्ऱ्याशिवाय नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासायचं आणि गालात ठेवायचं. पाहुणा आला तर पाण्याच्या आधी खर्रा पुढे येतो. सोयरीक जुळली तर खर्रा, मोडली तरी खर्रा. सर पानठेल्यावर जात, पण खायला नाही. घेणाऱ्याच्या समोर उभे राहत आणि म्हणत, "तोंड उघड."

"कायले जी?"

"आधी पाहू, मग बोलू."

हे त्यांचं पेटंट वाक्य. आधी पाहू, मग बोलू. मग टॉर्च लावून गालाच्या आतली कातडी पाहायची, आणि शेवटी परीक्षा: त्या माणसाने स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून उभी तोंडात घालायची. तिन्ही गेली तर पास. दोनच गेली, म्हणजे तोंड आखडायला लागलं, तर सर त्याचं नाव-गाव एका वहीत मागून घेतलेल्या पेनाने लिहीत आणि नागपूरच्या दवाखान्यात जा म्हणून त्याच्या मागे लागत. माणूस गेला नाही तर पुढच्या रविवारी त्याच्या घरी हजर.

गावात त्याची टिंगल चाले. सर लग्नाच्या मांडवात शिरले, की पोट्टे लांबूनच तीन बोटं वर करून दाखवत. ठेलेवाला मंगरू एकदा हात जोडून म्हणाला, "सर, तुमी इथं उभे राहता तं गिऱ्हाईक पलटून जाते ना जी. माझ्या पोटावर कायले पाय देऊन राहिले?"

सर म्हणाले, "तुझंच तोंड उघड."

मंगरूची दोनच बोटं आत गेली. ठेला बंद झाला नाही, पण त्या दिवसापासून मंगरू स्वतः खात नाही, फक्त विकतो.

माझी-त्यांची ओळख १९९९ सालची. मी सातवीत शाळा सोडून राइस मिलमध्ये धानाने भरलेले बोरे उचलले, आणि पाठ सोलून निघाल्यावर धानाचा दलाल झालो. शेतकरी आणि मिल यांच्या मधे उभं राहायचं, एवढंच भांडवल. दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगायचा. माझ्या दातांवर मिलवाले विश्वास ठेवत. सरांनी आईच्या शेतातल्या बांधीतला धान विकायला आणला. मी एक दाणा फोडला, तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "ओला आहे. भाव तुटते."

सर मूठभर धान खिशात घालून गेले. संध्याकाळी परत आले. सोनाराच्या काट्यावर धान तोलला, घरी तव्यावर सुकवला, परत तोलला, असा सगळा उद्योग करून आले होते. "भोजराज, तू सांगतो त्याच्या अर्धाही ओलावा नाही."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मंग मिलवाल्याच्या दारात जाऊन विका ना. माझ्याकडे कायले आले?"

"नाही. तुलाच देतो. तू म्हणतो त्याच भावात."

"मंग हा खटाटोप कायले केला जी?"

"तू चुकतो की खोटं बोलतो, ते पाहायचं होतं. चुकत असता तर तुझी काळजी वाटली असती."

असा माणूस. त्याच्याशी भाव करता येत नाही, कारण त्याला पाहिजे ती वस्तू तुमच्या दुकानातच नसते. त्या दिवसापासून मी त्यांना जरा भिऊन राहिलो, आणि ज्याला मी भितो त्याच्यावर मला राग येतोच.

सरांचा एक मोठा दोष होता. समजावून सांगायला लागले, की त्यांचा तोल जाई. विषय असा उभा करत, की ऐकणाऱ्याला वाटे, हे उद्या सकाळपासून होणार. मला हा दोष तेव्हा कळला नाही. त्यांनाही नसावा.

पुढे काही वर्षांनी सर कॉलेजातून रजा घेऊन नागपूरला संशोधनाला गेले. चाळिशी जवळ आलेला माणूस पोरांच्या बरोबरीने प्रयोगशाळेत बसू लागला. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या आईने सांगितलं. बाप गालाच्या कॅन्सरने गेला होता. शेवटी तोंड एवढं मिटलं, की पोरगा दातांच्या फटीतून चमच्याने पेज सोडत होता.

शनिवारी गावी आले, की माझ्या मोठ्या भावाच्या ओट्यावर बैठक बसे. माझा भाऊ लेखराम. आईबापाच्या मागे त्यानेच मला वाढवलं. मला पहिली चप्पल मिळाली ती त्याने स्वतःची कापून लहान केलेली. साधा माणूस, शेती, बैल आणि खर्रा यापलीकडे जग नाही. सर त्याच्या गळ्यात पडून म्हणत, "लेखरामभाऊ, सोडा ना हो." भाऊ हसून म्हणे, "सर, तुमचा उजेड आणा आधी, मंग सोडतो."

तो उजेड काय, हे सरांनी त्याच ओट्यावर दाखवलं. दिवस मावळून अंधारू लागलं होतं. टॉर्च पेटवून त्यांनी भावाच्या तळहाताखाली धरला. हात लालेलाल झाला. बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या.

"पांढरा उजेड घातला, बाहेर लाल आला. काऊन?"

भाऊ म्हणाला, "रक्त लाल रायते म्हनून."

"बाकीचे रंग आत अडकून मरतात. लाल तेवढा मांसातून पार होतो. त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड आहे, तो आणखी आत जातो. आता समजा, गाठीत असं काही भरून ठेवलं की तो उजेड फक्त तिथंच अडकला आणि तापला. बाकी अंग थंड. गाठ तेवढी भाजून निघाली."

"भरून काय ठेवता जी?"

"सोनं."

मी तिथेच कान टवकारले. सरांनी पिशवीतून एक लहानशी कुपी काढली. आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. म्हणाले, हे सोनं आहे. एवढं बारीक केलेलं, की त्याचा पिवळा रंगही राहिला नाही. मी म्हणालो, "सर, धानात खडे दाखवा, मी ओळखतो. लाल सोनं मले विकू नका." सगळे हसले. सरही हसले. पण भाऊ हसला नाही. त्याने कुपी दोन्ही हातांत धरून डोळ्यांशी नेली आणि देवाच्या तीर्थाकडे पाहावं तसा पाहत राहिला.

मग सरांचा तोल गेला. म्हणाले, "नुसतं भाजून भागत नाही, भाऊ. बांधीत धानासारखंच दिसणारं गवत उगवते की नाही?"

"उगवते ना. लोंबी आल्याशिवाय बायांले ओळखू नाही येत. धान समजून सोडून देतात."

"तसाच कॅन्सर. आपल्याच अंगातला, आपल्यासारखाच. अंगात निंदणाऱ्या बाया फिरतात, पण त्यांना तो ओळखू येत नाही. गाठ भाजली, फुटली, की तिचे तुकडे त्यांच्या हाती लागतात. तेव्हा कळते, अरे, हा आपला धान नाही! मग वरून एक दुसरं औषध द्यायचं. त्या बायांचे बांधलेले हात सोडणारं. मग त्या अख्ख्या शिवारात जिथे असेल तिथून त्याला उपटून काढतात. पुन्हा उगवलं तरी ओळखतात."

वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "बाई गं, किती चांगलं."

मीही म्हणालो असेन. एवढं चांगलं कोणी आम्हाला कधी समजावून सांगितलं नव्हतं. "हे सगळं अजून उंदरांवर आहे बरं," असं सर शेवटी म्हणाले होते. नक्की म्हणाले होते; मला आठवतं. पण जेवण झाल्यावर हात धुताना बोलावं तसं.

भावाच्या गालात फोड आला तो दोनेक वर्षांनी. आधी पांढरा डाग, मग तिखट सोसेना, मग जखम. मला दाखवलं नाही, सरांना दाखवलं. सर तडक माझ्याकडे आले. मी धान पाहत होतो, दाताखाली दाणा होता.

"भोजराज, दाण्याचं तोंड पाहतो, भावाचं पाहिलं का?"

नागपूरला नेलं, तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आला आहात. गालाचा भाग आणि जबड्याचं थोडं हाड काढावं लागेल, पण जगेल. भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाला, "जबडा काढतील तं भात कसा खाऊ बे?"

मी त्याला प्रयोगशाळेच्या फाटकाशी झाडाखाली बसवलं आणि एकटा वर गेलो. सरांच्या खोलीत पिंजऱ्यांची रांग होती, पांढरे उंदीर. सरांनी मला हातमोजे घालायला लावले आणि एक उंदीर दाखवला. मांडीवर केस नसलेला एक चट्टा, बस. म्हणाले, याच्या मांडीत गाठ होती, भाजली, दुसरं औषध दिलं, गेली. मग दुसऱ्या मांडीत तीच गाठ मुद्दाम लावली. उगवलीच नाही. "याच्या अंगाने ओळखली. याला आठवते, भोजराज." पाळण्यातल्या पोराकडे पाहावं तसे ते त्या उंदराकडे पाहत होते.

मी म्हणालो, "उंदराले आठवते. माझ्या भावाले काऊन नाही?"

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं मी कशाला वर आलो ते. त्यांनी पिंजऱ्याचं दार लावलं. "हे माणसासाठी नाही अजून. सगळे उंदीर बरे होत नाहीत. काही दुसऱ्या औषधानेच मेले. त्या बायांनी धानही उपटून टाकला. ते तुला दाखवलं नाही, ही माझी चूक."

मी माझं काम सुरू केलं. कागदावर सही देतो म्हणालो. अर्धाच डोस द्या म्हणालो. कोणाला कळणार नाही म्हणालो. तुम्हालाही माणूस पाहिजेच आहे ना प्रयोगाला, तर घरचा माणूस घ्या, म्हणालो. ते फक्त मान हलवत होते.

"लेखरामभाऊ उंदीर नाही, भोजराज."

"मंग मरू द्या म्हनता का?"

मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली होती. खिशातला टॉर्च खाली पडला. त्यांनी तो उचलला, लागतो का पाहिला आणि माझ्याबरोबर खाली आले. झाडाखाली भावाच्या शेजारी बसून म्हणाले, "भाऊ, ऑपरेशन करून घ्या. बुधवारचा नंबर मी घेऊन ठेवला आहे."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

आता हे वाक्य काय आहे, ते धंद्यातल्या माणसालाच कळेल. भाव पटला नाही, की आम्ही नाही म्हणत नाही. विचार करून सांगतो म्हणतो आणि पाठ फिरवतो. चार पावलं जात नाही तो मागून हाक येते. माल असलेला माणूस हाक मारतोच. उभ्या आयुष्यात माझी ही चाल फसली नव्हती.

आणि सरांची हाक आली. दर दोन दिवसांनी सकाळी फोन. "भोजराज, बुधवारचा नंबर गेला. पुढच्या बुधवारचा घेतो." मी म्हणे, "विचार करून सांगतो." मनात म्हणे, फोन येतो आहे, म्हणजे माल पडून आहे. अजून दोन आठवडे ताणलं, की कुपी घेऊन दारात येईल. "भाऊ कसे आहेत?" विचारत. मी म्हणे, "आराम आहे." सरांना त्या दिवसांत उंदरांची रोजची मोजमापं होती, गावी येता येत नव्हतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. धानाच्या वेळी तव्यावर सुकवून पाहणारा माणूस. त्या वेळी मात्र नुसत्या शब्दावर राहिला.

मीही काही हात बांधून बसलो नव्हतो. मी दलाल, मला माहीत आहे की मधला माणूस काढून टाकला तर माल थेट मिळतो. सोनं आणि उजेड, एवढंच ना? गोंदियाच्या एका वैद्याकडून सुवर्णभस्म आणलं. बारीक केलेलं सोनंच ते. आणि हे तर पिढ्यान्पिढ्या माणसांनी खाल्लेलं. उजेडासाठी बाजारातून किल्लीच्या कडीला लावायची, लाल ठिपका पाडणारी खेळण्यातली बॅटरी आणली. सर म्हणाले होते, लाल पार होतो. ऊन असो की ढग, रोज सकाळी ओट्यावर बसायचं, भस्म मधातून गालात धरायचं, आणि वरून लाल उजेड. भावाने एकही दिवस चुकवला नाही. खर्राही सोडला. म्हणायचा, गाल गरम झाल्यासारखा वाटते. मी म्हणायचो, भाजून राहिली गाठ, आणि ते मी खोटं बोलत नव्हतो. तेव्हा मी चुकत होतो.

धानाच्या रोपांचे परे टाकले तेव्हा सुरू केलं होतं. चार महिन्यांनी, लवकर येणारा हलका धान कापायला आला तेव्हा सरांच्या आईला ताप भरला म्हणून सर गावी आले.

सकाळची वेळ. भाऊ ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसला होता. वहिनीच्या हातात ती बॅटरी. लाल ठिपका भावाच्या ओठांच्या फटीत हलत होता. मी घड्याळ लावून मिनिटं पाहत होतो. सर सायकल घेऊन रस्त्यावर थांबले. त्यांना पाहून भावाच्या डोळ्यांत आनंद आला. जीभ नीट वळत नव्हती तरी म्हणाला, "सर, उजेड देऊन राहिलो जी. तुमी सांगतला होता तसाच."

सायकल स्टँडवर न लावता सर चालत पुढे आले. ती मागे रस्त्यात पडली. त्यांनी टॉर्च काढला, पाहिलं. मग भावाला तीन बोटं दाखवली. भावाने प्रयत्न केला. मग दोन. मग एक. एक बोट नखापर्यंत गेलं आणि अडलं. मानेवर लिंबाएवढी गाठ होती, ती त्यांनी बोटाने चाचपली. मी ती रोज पाहत होतो आणि रोज पाहत नव्हतो.

"कधीपासून?"

वहिनी म्हणाली, "परे टाकले तवापासून."

"आणि ऑपरेशनला का नाही आले?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. शेजारपाजारचे चार-सहा जण जमले होते. मंगरूही होता. मी काय बोलणार, ते सगळे पाहत होते.

तेवढ्यात सर खाली ओट्याच्या पायरीवर बसले. उन्हात डोळे मिटून म्हणाले, "मीच सांगितलं होतं. याच ओट्यावर. सोनं काय, उजेड काय. उंदीर आधी सांगायला पाहिजे होते, ते शेवटी सांगितले. चूक माझी आहे."

लोक ऐकत होते. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या हातून वस्तू काढून घेण्यात घालवलं. पण एवढी मोठी वस्तू, न मागता, भाव न करता कोणी माझ्यापुढे ठेवली नव्हती. मी घेतली. म्हणालो, "हो ना. तुमीच सांगतलं होतं."

त्याच दिवशी सरांनी गाडी करून भावाला नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आता कापण्यात अर्थ नाही. किरणांचा शेक दिला, औषधं दिली. सर दर शनिवारी येत. नाकातल्या नळीतून भावाला पातळ पेज देण्याचं काम त्यांनी वहिनीकडून मागून घेतलं होतं. न सांडता द्यायचे. हाताला सवय असल्यासारखे. बोलणं दोघांचं बंदच झालं होतं. एकाला येत नव्हतं म्हणून, दुसऱ्याने सोडलं म्हणून. एकदा मी पाहिलं, भावाने सरांच्या खिशातला टॉर्च स्वतः काढला, पेटवला आणि सरांच्या तळहाताखाली धरला. हात लाल झाला. भाऊ बराच वेळ तो लाल हात पाहत होता. सर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पुढच्या वर्षीच्या रोवणीआधी भाऊ गेला.

तेरवीला आलेल्या पाहुण्यांना गावाने काय सांगितलं, ते वेगळं सांगायला नको. उंदरावाल्या मास्तरने चांगला माणूस नादी लावला. मी तिथेच होतो, पंगतीत वाढत होतो. मी कोणालाच सांगितलं नाही असं म्हणता येईल. फक्त कोणाचं तोंड धरलं नाही. वहिनी मात्र त्या दिवसापासून मला वाढताना ताट सरकवते, हातात देत नाही.

सरांचं संशोधनही थंडावलं. त्यांच्या वरचे मोठे सर निवृत्त झाले, निधी संपला, पिंजरे दुसऱ्या कोणाच्या नावे गेले. पदवी मिळाली की नाही, हे गावात कोणी विचारलं नाही. ते परत गोंदियाच्या कॉलेजात शिकवायला लागले, परत तीच पॅसेंजर. एकदा त्यांच्या आईने विचारलेलं माझ्या कानावर आलं, "बापू, तो उजेड कधी येईन रे मान्सासाठी?" सर म्हणाले, "येईल, आई. बाहेरच्या देशांत लोक लागले आहेत. पण सौंदडला कधी येईल, ते नाही सांगत."

टॉर्च खिशात असे. पण ते आता ठेल्यावर थांबत नसत. मान खाली घालून सायकल पुढे नेत. लग्नात पोट्ट्यांनी तीन बोटं दाखवली, तर ते आपल्याला दाखवली आहेत असं त्यांना वाटत नसे. हळूहळू पोट्ट्यांनीही सोडलं. नवीन पोट्ट्यांना तर त्या बोटांचा अर्थही माहीत नाही. स्टेशनच्या रस्त्यावर आता तीन ठेले आहेत. सरांच्या वहीतली दोन बोटांची किती माणसं नंतर एका बोटावर आली, ते मोजायला कोणी उरलं नाही.

आई वारल्यावर सरांनी घर बंद केलं. गोंदियाला राहायला जात होते, त्या दिवशी मी स्टेशनावर होतो. मुद्दाम गेलो होतो. एक पेटी, एक पिशवी, आणि बाकावर सर. केस पांढरे झालेले. शेजारी एक तरुण माणूस येऊन बसला. त्याने खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली, तळहातावर घासली आणि दोऱ्याची गाठ दाताने सोडायला लागला. त्याचं तोंड नीट उघडत नव्हतं. दात गाठीला नेमके लागेनात. मी दहा पावलांवरून पाहत होतो. सरांचा हात उठला, खिशाकडे गेला. टॉर्चवर बोटं टेकली. मला वाटलं, आता म्हणतील. मी ते दोन शब्द ऐकायला अगदी थांबून राहिलो होतो.

हात खाली आला आणि गुडघ्यावर जाऊन बसला.

मी पुढे गेलो. सांगायचं वाक्य घरून ठरवून आलो होतो: सर, तुम्ही नंबर घेतला होता, थांबा मी म्हटलं होतं. एवढंच. गाडी फलाटाला लागत होती. सरांनी पेटी उचलली, मला पाहिलं. रागाचा एक कण त्यांच्या तोंडावर नव्हता, आणि तेच मला सहन होत नाही.

"काही म्हणतो का, भोजराज?"

त्या पोराने गाठ सोडून चिमूट गालात टाकली होती. दोन-चार ओळखीचे लोक उभे होते. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

"बरं," म्हणाले, आणि डब्यात चढले.

गाडी हलली. मी चार पावलं चाललो आणि सवयीने थांबलो, मागून हाक येते का म्हणून. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.